गुरुवारची प्रार्थना

माहीमच्या सेंट मायकेल चर्चपुढची बुधवारची गर्दी मुंबईकराला वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. १९४८ साली तेथे मातेची नव्हेना सुरू झाली, आणि तेव्हापासून नऊ बुधवारांचा नेम धरणाऱ्यांची रीघ काही आटलेली नाही. त्या रांगेत आम्हा ख्रिस्ती लोकांच्या खांद्याला खांदा लावून हिंदू मंडळीही उभी असतात. कुणाच्या हातात मेणाचे घरकुल असते, कुणाच्या हातात मेणाचे बाळ, कुणाच्या हातात नुसताच मेणाचा पाय. ज्याचे जे दुखते ते त्याने आणावे! त्या गर्दीची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतली नव्हे. मागण्यासारखे काही मनात असावे आणि ऐकणारे कुणी समोर आहे असे वाटावे, हे माणसाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

पण मला लिहायचे आहे ते गुरुवारबद्दल. मागायचे ते मागून झालेले असते. ते मिळालेले नसते, किंवा मिळूनही मन भरलेले नसते. तरीही नेम असतो म्हणून आपण गुडघे टेकतो. ओठ हलतात, मणी सरकतात, आणि आत काही म्हणजे काही हलत नाही. काल ज्या शब्दांनी डोळे भरून येत होते तेच शब्द आज वाण्याच्या यादीसारखे वाटतात. हे एक-दोन दिवस चालले तर त्याला आपण कंटाळा म्हणतो. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालले म्हणजे काय म्हणावे? आमच्या धर्मातल्या जुन्या जाणत्यांनी त्याला साधे नाव दिले आहे – कोरडेपणा.

चकली-करंजीच्या ताटाशेजारी वाचायला हा विषय काही गोड नाही, हे मला कबूल आहे. परंतु ज्या घरात रोजची पूजा आहे, जप आहे, पोथी आहे, त्या घरी हा पाहुणा कधी ना कधी येऊन गेलेलाच असतो. इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसलेले तुकोबा महाराष्ट्राला ठाऊक आहेत. समर्थांच्या करुणाष्टकांतली तळमळही ठाऊक आहे. तेव्हा मी आमच्या घरची गोष्ट सांगितली, तर ती अगदीच परकी वाटू नये.

माझे माहेर वसईचे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. आम्ही मात्र तेथेच राहिलो – आमच्या केळीच्या वाड्या, आमची मराठी बोली आणि आमची संध्याकाळची रोझरी घेऊन. रोझरी म्हणजे आमची जपमाळ. त्रेपन्न लहान मणी, सहा मोठे. मोठ्या मण्याला येशूने शिकवलेली प्रार्थना, लहान मण्याला 'नमो मरिया'. प्रत्येक दहा मण्यांमागे येशूच्या आणि त्याच्या आईच्या चरित्रातला एकेक प्रसंग मनापुढे आणायचा. सारी वीस मिनिटांची गोष्ट. प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा भाग बाकीच्यांनी मिळून. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

संध्याकाळची घंटा झाली की आमच्या घरात सगळे ओळीने गुडघे टेकीत. माळ आजी चालवी. आम्ही मुले डुलक्या घेत असू, आणि दिवसभर वाडीत खपून आलेली मोठी माणसेही घेत. मध्येच आजी माळ न थांबवता, प्रार्थनेच्या त्याच सुरात, "कुत्रं हाकला रे," असेही म्हणे. कुणी गहिवरल्याचे मला आठवत नाही. प्रार्थनेत काहीतरी वाटले पाहिजे ही कल्पनाच आमच्या घरात कुणाला शिवलेली नव्हती. ती मी शहरात आल्यावर, चार पुस्तके वाचून, शिकले.

त्या पुस्तकांतच मला अविलाची संत तेरेसा भेटली. स्पेनमधली ही जोगीण १५१५ साली जन्मली आणि १५८२ साली वारली. मठ स्थापणारी, कर्जाचे हिशेब ठेवणारी, विनोदबुद्धी शाबूत असलेली अशी ही बाई. आपल्या आत्मचरित्रात तिने प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे, आणि त्या बागेला पाणी देण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. पहिली तऱ्हा, विहिरीतून हाताने शेंदायचे. दुसरी, रहाट चालवायचा. तिसरी, ओढ्याचे पाणी पाटाने आणायचे. आणि चौथी म्हणजे पाऊस; त्यात माळ्याला काहीच करावे लागत नाही. हे वाचताना मला हसू आले. स्पेनच्या त्या संतिणीचा रहाट मी लहानपणी रोज पाहत होते! बैलाचे ते संथ फिरणे, एकामागून एक वर येणारे आणि पन्हळीत रिते होणारे लोटे, आणि पाटाच्या टोकाशी केळीच्या आळ्यात झिरपणारे पाणी. उन्हाळ्यात विहिरीचा तळ लागला की लोटे अर्धे भरून येत, तरी बैल तितकेच फेरे घाली.

तेरेसाबाई पुढे विचारते, विहीरच कोरडी पडली तर? माळ्याने काय करावे? तिचे उत्तर असे, की माळ्याने आपले काम सोडू नये. पोहरा रिकामा वर आला तरी सोडीत जावे. बागेचा धनी दुसरा आहे. त्याच्या मनात असेल तर तो पाण्यावाचूनही फुले जगवतो. स्वतः ती वर्षानुवर्षे प्रार्थनेचा तास केव्हा संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून बसे, हेही तिने लिहून ठेवले आहे. हा सगळा मजकूर मी तरुणपणी वाचला, आवडला म्हणून खुणेची फीत घालून ठेवला, आणि विसरून गेले. विहीर भरलेली असताना दुष्काळाचे शास्त्र कोण ध्यानात ठेवतो?

२००९ साली माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि त्याबरोबर वाचा गेली. जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे आकडे तपासलेला माणूस. पाणी हवे असले तरी त्यांना 'पाणी' हा शब्द सापडेना. ते मनात शोधीत आहेत हे चेहऱ्यावर दिसे. मग भलताच शब्द बाहेर येई, आणि तो भलता आहे हे त्यांचे त्यांनाच कळून डोळ्यांत पाणी उभे राही.

पहिले सहा महिने माझी प्रार्थना उत्तम चालली होती. हे वाचून नवल वाटेल, पण संकटात प्रार्थना सोपी असते. रडू येते, शब्द आपोआप येतात, देव अगदी उशाशी असल्यासारखा वाटतो. अवघड दिवस पुढेच असतात. एके दिवशी डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, "आता आहे हे असेच राहील. फार सुधारणार नाही, लगेच बिघडणारही नाही." त्यानंतर घराची घडी बसली. औषधांच्या वेळा ठरल्या, मालिशवाला ठरला, मी सकाळची शाळा मागून घेतली. आणि घडी बसली त्या सुमारास माझी विहीर आटली. भांडण झाले नाही, देवावर रागही आला नाही. एका संध्याकाळी माळ हातात घेतली, आणि समोर कुणी नव्हते, एवढेच.

आता त्या दोन भागांची गोष्ट. आजारपणानंतर रोझरी मी एकटीच, स्वयंपाकघरात म्हणत असे. एकदा त्यांच्या खाटेपाशी बसून म्हणायला घेतली. पहिला भाग म्हणून मी श्वास घेण्यापुरती थांबले, तर खाटेवरून दुसरा भाग ऐकू आला. सबंध आणि स्पष्ट, एकही शब्द न गाळता. आवाज त्यांचाच होता, जरा घोगरा. ज्याला आपल्या मुलीचे नाव उच्चारता येत नव्हते तो माणूस ती प्रार्थना सरळ म्हणून गेला.

मी धावत जाऊन डॉक्टरांना विचारले. त्यांनी समजावून सांगितले, की मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला म्हणजे पुष्कळदा वाक्य जुळवण्याची शक्ती जाते. पण लहानपणापासून घोकलेले आकडे, गाणी, प्रार्थना पुष्कळांच्या बाबतीत शाबूत राहतात. त्यांचा मेंदूतला रस्ता काहीसा वेगळा असतो. "चमत्कार नाही, बाई," ते मायेने म्हणाले, "आणि वाचा परत येईल असेही यावरून समजू नका." तसेच झाले. वाचा आली नाही. दिवसातून वीस मिनिटे तेवढा त्यांचा आवाज आमच्या घरात ऐकू येई. माळ संपली की पुन्हा मुकेपणा.

आपण काय म्हणतो आहोत हे त्यांना कळत होते का? डॉक्टरांना नक्की सांगता येईना. पण मग मला तरी कळत होते का? आजाराने त्यांच्या शब्दांपासून अर्थ तुटला असेल. माझ्या शब्दांपासून ओलावा तुटला होता. असे आम्ही दोघे रोज संध्याकाळी सातला, रहाटाला जुंपल्यासारखे, पाच दशके पुरी करीत होतो. पहिला भाग माझा, दुसरा त्यांचा.

त्या दिवसांत समाचाराला आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी मला ऐकवले, की मन नसताना केलेली प्रार्थना म्हणजे ढोंग. बोलणे लागले, कारण तो प्रश्न माझाही होता. ही प्रार्थना आहे, की नवऱ्याचा आवाज ऐकण्याची माझी हाव आहे, की नुसती शुश्रूषा? मी एका वृद्ध येशूसंघीय फादरांना गाठले आणि हे सगळे त्यांच्यापुढे मांडले. ते म्हणाले, "ढोंग दुसऱ्याला दाखवण्यासाठी करतात. तुमच्या खोलीत सातच्या सुमारास बघायला असते कोण?" मग त्यांनी आपल्या संस्थापकांचा, संत इग्नेशियसचा, नियम सांगितला. इग्नेशियस मुळात शिपाई गडी. त्याचे 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली छापले गेले. त्यात त्याने बजावले आहे, की मन उदास आणि कोरडे असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. घराचे बेत अंधारात ठरवू नयेत. इतकेच नव्हे, तर तासभर प्रार्थनेचा नेम असेल तर अशा वेळी तासाहून थोडे जास्तच बसावे. शत्रू एक पाऊल पुढे आला तर आपणही एक पाऊल पुढे टाकावे, तसे. मी घरी आले आणि त्या दिवसापासून शेवटी एक 'नमो मरिया' जास्तीची म्हणू लागले. शिपायाचा डाव बाईमाणसालाही खेळता येतो!

फादरांनी आणखी एक शहाणपण शिकवले. सगळाच कोरडेपणा एका जातीचा नसतो. तेरेसाचे सोबती, क्रूसाचे संत योहान – १५७७-७८ मध्ये तोलेदोच्या मठात त्यांच्याच संघातल्या लोकांनी त्यांना नऊ महिने अंधाऱ्या कोठडीत डांबले होते – यांनी त्याची पारख करण्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. देवाधर्मात गोडी नाही, आणि संसाराच्या गोष्टींतही ती लागत नाही, ही एक. आपण देवाची सेवा नीट करीत नाही अशी मनाला सारखी टोचणी असते, ही दुसरी. आळशी माणसाला ही टोचणी नसते. आणि पूर्वीसारखे मनन करू गेले तरी जमत नाही, ही तिसरी. तेरेसाबाईचे म्हणणे तर याहून व्यवहारी. पुष्कळदा हा दोष शरीराचा असतो, हवापाण्याचा असतो. अशा वेळी जिवाची ओढाताण न करता प्रार्थनेची वेळ बदलावी, थोडे मोकळ्या हवेत जावे, कुणाच्या उपयोगी पडावे. मी तिचे ऐकून रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन चांगलेच उतरलेले निघाले. गोळ्या घेतल्या, रक्त सुधारले. कोरडेपणा जागच्या जागीच राहिला. परंतु ज्यांना झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगण्याचाच वीट आला आहे, त्यांनी धर्मगुरूंच्या आधी डॉक्टरांचे दार ठोठवावे. त्यात श्रद्धेला काही उणेपणा नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा रामनामाचा जप गेली चाळीस वर्षे चालू आहे. एकदा वाटीभर आमटी द्यायला आल्या असताना मी त्यांना विचारले, "काकू, तुमचे मन लागते का हो जपात?"

"छे हो, बाई," त्या म्हणाल्या. "कधी लागतं, कधी नाही. मन लागत नाही म्हणून आपण दूध तापवायचं राहतो का? घरात पिणारी माणसं असतात ना!"

मला वाटते, धर्मशास्त्रावरच्या कित्येक व्याख्यानांतून मला जे मिळाले नाही ते त्या आमटीच्या वाटीबरोबर मिळाले.

त्याच सुमारास मी मदर तेरेसांची पत्रे वाचली. मदर १९२९ च्या जानेवारीत कलकत्त्याला आल्या. १९४६ साली दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना दरिद्र्यांच्या सेवेची हाक ऐकू आली. १९५० साली त्यांच्या संघाला रोमची मान्यता मिळाली. हे सर्वांना माहीत होते. जे माहीत नव्हते ते त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली पत्रे छापली गेली तेव्हा उघड झाले. हाक ऐकून काम सुरू केले, आणि जवळजवळ तेव्हापासूनच त्यांच्या मनातला उजेड गेला. १९५८ मधले काही थोडे दिवस सोडले, तर १९९७ पर्यंत तो परतला नाही. सगळ्या जगाला हसरा चेहरा दिसत होता, पहाटेची प्रार्थना कधी चुकत नव्हती, आणि आत सुमारे पन्नास वर्षांचा अवर्षणकाळ! ती पत्रे नष्ट करावीत असे त्यांनी विनवले होते. ती राहिली, हे माझ्यासारख्यांवर उपकारच झाले.

या अंधारात त्यांना वाट दाखवणाऱ्यांपैकी एक होते फादर योसेफ नॉयनर. हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पण पुण्यात अध्यापन करीत म्हातारे झाले आणि २००९ साली शंभरी उलटल्यावर निवर्तले. १९६१ साली मदरनी आपली अवस्था त्यांना लिहून कळवली. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की यावर माणसाच्या हातचा इलाज नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. देव जाणवणे ही देव असल्याची एकुलती एक खूण नव्हे. आणि ज्याच्यासाठी जीव इतका तहानतो, तो अगदीच अनोळखी असणार नाही. तहान हीच त्याची ओळख. यानंतर अंधार गेला नाही. पण त्या अंधारावर प्रेम करायला शिकले, असे मदरनी लिहिले. पुण्याच्या पेठांतून सायकली, टांगे आणि पोथ्या यांच्या गर्दीत हे शहाणपण इतकी वर्षे राहत होते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता!

२०१६ च्या उपवासकाळात यजमान गेले. शेवटच्या आठवड्यात गिळणेही थांबले होते. दुसरा भाग मात्र ते अर्धामुर्धा पुटपुटत होते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तोही आला नाही. ओठ थोडेसे हलले, बस्स.

त्यांना पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी सात वाजले, आणि माझ्यापुढे तो जुना प्रश्न उघडा उभा राहिला. आता ऐकायला त्यांचा आवाज नव्हता. शुश्रूषेची सबब नव्हती. मी जे करीत होते ते त्यांच्यासाठी असेल, तर आता ते करण्याचे कारण उरले नव्हते. मी पाच-दहा मिनिटे माळ हातात धरून नुसती बसून राहिले. मग पहिला भाग म्हटला, थांबले, आणि दुसराही मीच म्हटला. फार विचित्र वाटले. एकाच माणसाने हाक मारायची आणि त्यानेच ओ द्यायची, तसे. पण म्हटला. दुसऱ्या दिवशीही म्हटला.

मग पाऊस पडला का, असे तुम्ही विचाराल. नाही पडला. अधूनमधून एखादा शिंतोडा येतो. गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला आला होता. त्यापलीकडे काही सांगण्यासारखे नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली आहे. मी स्वभावाने तापट बाई. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारा! रात्री चार-चार वेळा उठून चादरी बदलण्याची सात वर्षे माझ्या बळावर निघाली असती, असे मला ओळखणारे कुणीही म्हणणार नाही. तरी ती निघाली. आणि त्या घरात आलेल्या माणसांना तेथे कडवटपणा जाणवला नाही, असे ती माणसेच सांगतात. पोहरा तर रोज रिकामाच वर येत होता. मग झाडे कशी जगली? पाणी कुठून येत होते? तेरेसाबाईने चारशे वर्षांपूर्वी दिलेल्या उत्तराहून बरे उत्तर मला सुचत नाही.

ज्यांचा गुरुवार चालू असेल त्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगते, की वेळ बांधून घ्यावी आणि ती छोटी ठेवावी, म्हणजे मोडत नाही. स्वतःचे शब्द आटले असतील तर पूर्वजांचे शब्द घ्यावेत. ते त्यासाठीच घासून गुळगुळीत करून ठेवलेले आहेत. मुलांना लहानपणीच चार प्रार्थना, चार श्लोक, चार अभंग पाठ करून द्यावेत. 'नुसती पोपटपंची' म्हणून कुणी हसले तर हसू द्यावे. पुढे एखाद्या दिवशी माणसाजवळ बाकी काहीच शिल्लक राहत नाही. पाठ केलेले तेवढे राहते.